तुर्की अभिजात संगीतावर लिहिताना: कोणतं साधन कशाची साक्ष देतं

‘इत्रीने रचलेलं नेवा कार हे तुर्की गीत तीनशे वर्षं जसंच्या तसं गायलं जातं, या संगीतात सप्तकाचे २४ समान भाग असतात आणि मकाम म्हणजे तिथला राग.’ अशा धाटणीची वाक्यं सर्रास वाचायला मिळतात. या एका वाक्यात चार चुका आहेत. नेवा कारचे शब्द हाफिजच्या फारसी गझलेचे आहेत. ‘जसंच्या तसं’ म्हणायला पुरावा नाही, कारण इत्री १७११ किंवा १७१२ मध्ये वारला आणि त्याची रचना पुढे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी शिकवणीतून आली. २४ स्वरस्थानं समान अंतरावर नाहीत. मकामाचं रागाशी साम्य आहे, पण ते कुठे संपतं हे सांगितलं नाही तर वाचक आपल्याच रागाचे नियम तिकडे लावतो.

या चार चुका चार वेगवेगळ्या ठिकाणी पकडता येतात. पहिली कवीच्या दिवाणात (काव्यसंग्रहात), दुसरी हस्तलिखितांच्या आणि शिष्यपरंपरेच्या इतिहासात, तिसरी स्वरमापनात, चौथी वादकाच्या हातात. छापील स्वरलेखनाला कोमाचा, म्हणजे स्वरांतल्या बारीक अंतराचा, प्रश्न विचारला किंवा उस्तादाला अठराव्या शतकातला प्रश्न विचारला, तर उत्तर मिळतं, पण ते चुकीचं असण्याची शक्यता मोठी असते.

आधी रचनेची ओळख पक्की करा

एखाद्या रचनेबद्दल एक ओळही लिहिण्याआधी पाच गोष्टी कागदावर हव्यात: मकाम, प्रकार (पेश्रेव आणि साझ सेमाईसी हे वाद्यप्रकार, कार, बेस्ते आणि शार्की हे गीतप्रकार, वगैरे), उसूल (तालचक्र), रचनाकार आणि शब्दांची पहिली ओळ. वाद्यरचनेला शब्द नसतात, तिथे पहिल्या खंडाचे सुरुवातीचे स्वर लिहून ठेवा. ‘हिजाझ पेश्रेव’ एवढ्यावर शोध घेतला तर वेगवेगळ्या रचनाकारांचे कितीतरी पेश्रेव समोर येतात आणि भलत्याच रचनेचं ध्वनिमुद्रण लेखाला जोडलं जातं.

बार्सेलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पाने हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीताबरोबरच तुर्की मकाम संगीताचेही संग्रह तयार केले. त्यातल्या सिम्बटीआर संग्रहात सुमारे २,२०० रचनांची संगणकाला वाचता येणारी स्वरलेखनं आहेत, आणि फाइलचं नावच मकाम, प्रकार, उसूल, शीर्षक, रचनाकार या क्रमाने असतं. ओळख पटवायला याहून सोयीचं काही नाही. मात्र ही स्वरलेखनं प्रचलित छापील पाठांवरून घेतलेली आहेत. त्यामुळे तुर्की रेडिओच्या (टीआरटीच्या) भांडारातला कागद आणि ही फाइल जुळली, तर दोन साक्षीदार मिळाले असं धरू नका. तो एकच साक्षीदार दोनदा बोलतो आहे.

शब्दांचं वेगळं तपासा. छापील गुफ्ते (गीताचे शब्द) अनेकदा ‘तेन नेन नी’, ‘येल लेल ली’ यांसारखे तेरेन्नुमचे बोल गाळून देतात. आपल्या तराण्याचा कान असलेल्याला त्यात रस वाटेल, पण कार आणि बेस्ते या प्रकारांत हे बोल रचनेचा सांगाडाच असतात. ते गाळलेल्या संहितेवरून रचनेच्या लांबीबद्दल किंवा बांधणीबद्दल काहीही ठरवू नये.

स्वरलेखन हाती आलं की विचारा: केव्हाचं आणि कोणाचं

तुर्की दरबारी संगीत मुख्यतः ‘मेश्क’ पद्धतीने, म्हणजे गुरूसमोर बसून, उसूल मांडीवर हाताने धरत, पाठ करून शिकलं गेलं. स्वरलेखन होतं, पण ते मूठभर लोकांनी केलेलं. लेखात पुन्हा पुन्हा लागणारे टप्पे असे:

अली उफ्की हा मूळचा पोलंडचा दरबारी संगीतकार. सतराव्या शतकाच्या मध्यावर त्याने पाश्चात्त्य पाचरेघी पद्धत उजवीकडून डावीकडे वळवून पाचशेहून अधिक रचना लिहिल्या. ते हस्तलिखित आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. मोल्दाव्हियाचा राजपुत्र दिमित्री कांतेमीर (१६७३–१७२३) याने १७०० च्या आसपास अक्षरांनी स्वर आणि खाली आकड्यांनी काल दाखवून सुमारे ३५० वाद्यरचना नोंदवल्या. हाम्पार्त्सुम लिमोन्जियान (१७६८–१८३९) या अर्मेनियन संगीतकाराची चिन्हपद्धत एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आली आणि खूप वापरली गेली. पाचरेघी पद्धतीवर आजचा छापील साठा मुख्यतः विसाव्या शतकात उभा राहिला.

आता या साधनांची कुवत बघा. हाम्पार्त्सुम पद्धतीत सात मूळ चिन्हं आणि त्यांच्यावर चढवायची एक खूण आहे. म्हणजे सप्तकात ढोबळमानाने १४ जागा. त्यातून ‘त्या काळी सेगाह (हे एका स्वराचं नाव) किती उतरता होता’ हे कळणार नाही. ते सांगण्यासाठी ती लिपी बनलेलीच नाही. कांतेमीरचं लेखन लय आणि स्वरांचा साधा आराखडा उत्तम देतं, अलंकरण देत नाही. कांतेमीरच्या संग्रहातला पेश्रेव आणि त्याच रचनेचा एकोणिसाव्या शतकातला पाठ शेजारी ठेवला तर नंतरच्या पाठात उसूलच्या एकेका मात्रेवर कितीतरी जास्त स्वर दिसतात. संशोधकांनी यावरून काढलेला निष्कर्ष असा की मधल्या काळात उसूल संथ होत गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेत सुरावट दाट होत गेली. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी ‘शतकानुशतकं न बदललेलं’ हा शब्दप्रयोग हातून लिहिला जाणार नाही.

भातखंडे क्रमिक आणि घराण्याची चीज यांतला वाद माहीत असलेल्या मराठी वाचकाला इथे फार समजवावं लागत नाही. राउफ येक्ता बे (१८७१–१९३५) भातखंड्यांचे समकालीन, आणि कामही त्याच जातीचं: तोंडी परंपरा कागदावर आणणं, तिला सिद्धांताची चौकट देणं. १९१७ मध्ये इस्तंबूलला दारुलएल्हान ही संगीतसंस्था सुरू झाली. १९२६ मध्ये, म्हणजे लखनौला मॉरिस कॉलेज निघालं त्याच वर्षी, तिचा देशी संगीत शिकवण्याचा विभाग बंद केला गेला. रचना संकलित करणारं मंडळ तेवढं उरलं. त्यात येक्ता होते आणि झेकाई देदेंचे पुत्र आहमेत इरसॉय होते. झेकाई देदे (१८२५–१८९७) हे हाम्मामीझादे इस्माईल देदे एफेंदींचे (१७७८–१८४६) शिष्य. म्हणून मंडळाने छापलेल्या देदे एफेंदींच्या रचनेबद्दल लिहिताना ‘देदे एफेंदींची मूळ रचना’ म्हणण्यापेक्षा ‘झेकाई देदेंच्या परंपरेतून आलेला, विसाव्या शतकात लिहिला गेलेला पाठ’ म्हणावं. वाक्य लांबतं, पण वाचकाला खरी माहिती मिळते.

रचनाकाराचं श्रेय जितकं जुनं, तितका संशय जास्त धरा. अब्दुलकादिर मेरागी १४३५ मध्ये वारला. त्याच्या नावावर आज गायल्या जाणाऱ्या रचनांचं त्याच्या काळातलं स्वरलेखन नाही आणि त्यांची शैली बरीच नंतरची आहे. तिथे ‘परंपरेने मेरागीच्या नावावर असलेली’ एवढंच लिहिता येतं. मेहतेर या ऑटोमन लष्करी बँडच्या गाण्यांचं असंच: १८२६ मध्ये जानिसारी सैन्याबरोबर मेहतेरहाने बंद झालं, आणि आज पर्यटकांपुढे वाजणारा बराच साठा विसाव्या शतकातल्या पुनरुज्जीवनानंतरचा आहे.

म्युन्स्टर विद्यापीठातला कॉर्पस मुसिके ओत्तोमानिके प्रकल्प हाम्पार्त्सुम आणि इतर हस्तलिखितांच्या चिकित्सित आवृत्त्या पाठभेदांसह प्रसिद्ध करतो. रचना तिथे असेल तर आधी तिथलीच घ्या आणि हस्तलिखिताचा ग्रंथालय-क्रमांक लेखात द्या.

उसूल हातावर धरून पाहा

इथे चूक पकडायला पाच मिनिटं पुरतात, तरी कोणी ती देत नाही. दुम म्हणजे भारी ठोका, तेक म्हणजे हलका. दुयेक ८ मात्रांचा: दुम १, तेक २, तेक १, दुम २, तेक २. अक्साक ९ चा, २+२+२+३. देव्र-इ केबीर २८, चेंबेर २४, झेंजीर १२०. साझ सेमाईसीत पहिले तीन खंड आणि तेस्लीम (ध्रुवपदासारखा परत येणारा भाग) १० मात्रांच्या अक्साक सेमाईत असतात आणि चौथ्या खंडात उसूल बदलतो. ध्वनिमुद्रण लावा, दुम उजव्या मांडीवर, तेक डाव्या, आणि तीन आवर्तनं मोजा. आवर्तनाची सुरुवात आणि सुरावटीचा तुकडा एकमेकांवर बसत नसतील तर तुमची माहिती चुकली आहे किंवा समोर दुसरी रचना वाजते आहे.

देव्र-इ हिंदी ७ चा, ३+२+२. विभागणी रूपकाशी जुळते आणि नावात हिंदी आहे, म्हणून ‘भारतातून गेलेला ताल’ लिहायचा मोह होतो. तेवढ्या पुराव्यावर लिहू नये. शिवाय उसूलला खाली-भरीची कल्पना लावू नका. तो ठोक्यांच्या वजनाने ओळखला जातो, आणि रूपकासारखं ‘सम खालीवर’ हे वर्णन तिथे निरर्थक ठरतं.

कोमा: सिद्धांत काय म्हणतो, हात काय वाजवतो

आज शाळांमध्ये शिकवली जाते ती आरेल–एझ्गी–उझ्दिलेक पद्धत. तिच्यात सप्तक ५३ कोमांचं धरतात. एक कोमा सुमारे २२.६४ सेंट (सप्तकाचे १२०० सेंट). पूर्ण स्वरांतर ९ कोमा, आणि त्याखाली ४, ५ आणि ८ कोमांची अंतरं. या हिशेबाने सप्तकात २४ असमान स्वरस्थानं निवडलेली आहेत. म्हणजे ५३ हे मोजायचं एकक आणि २४ ही वापरात घेतलेली स्थानं. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरले की लेखकाला विषय कळलेला नाही हे जाणकाराला पहिल्या परिच्छेदातच कळतं.

रास्त मकामात रास्त याच नावाच्या आधारस्वरापासून सेगाह १७ कोमा वर, म्हणजे ३८५ सेंट. आपल्या शुद्ध गंधाराला हा जवळजवळ चिकटून आहे. आता उश्शाक घ्या. त्याचा आधारस्वर दुगाह, दुसरा स्वर कागदावर तोच सेगाह, दुगाहच्या ८ कोमा वर, म्हणजे १८१ सेंट. प्रत्यक्षात चांगला वादक तो ६ ते ७ कोमांच्या दरम्यान घेतो आणि उतरताना आणखी खाली आणतो. दोन्ही मकामांत चिन्ह एकच, वाजतो वेगळा स्वर. छापील कागदावरून ‘उश्शाकचा दुसरा स्वर १८१ सेंट’ असं लिहिणं ही या विषयातली सर्वांत वारंवार होणारी चूक आहे. लिहायचं ते दोन भागांत: सिद्धांतात ८ कोमा, अमुक वादकाच्या अमुक मुद्रणात मोजलेलं इतकं.

आणखी दोन सापळे. तुर्की लोकसंगीताच्या स्वरलेखनात कोमल चिन्हावर आकडा देतात आणि अभिजात लेखनात एका कोमाचं चिन्ह असतं तिथे बहुधा २ हा आकडा दिसतो. दोन्हीकडची पानं मिसळली तर स्वर हलल्याचा भास होतो. दुसरा सापळा पट्टीचा. लेखनात रास्त नेहमी पाश्चात्त्य सोलच्या जागी लिहितात, मग गायक कुठल्याही पट्टीत गावो. बोलाहेंक या पट्टीत कागदावरचा रे (नेवा) प्रत्यक्षात ४४० हर्ट्झचा ला वाजतो, म्हणजे सगळं लिहिल्यापेक्षा सा-म एवढ्या अंतराने खाली. ट्यूनर लावून ‘लेखन चुकलं आहे’ असा शोध लागण्याआधी पट्टी विचारून घ्या. या पट्ट्यांना आहेंक म्हणतात आणि नेयच्या वेगवेगळ्या लांबीच्या बासऱ्या त्याच नावांनी ओळखल्या जातात. त्यामुळे हा प्रश्न नेय वाजवणाऱ्याला विचारणं सोपं पडतं.

ध्वनिमुद्रणावरून मोजायचं कसं

सोनिक व्हिज्युअलायझर किंवा टोनी, दोन्ही लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातून आलेले आणि मोफत, पुरेसे आहेत.

एकट्या वाद्याचा तक्सीम (आलापासारखं मुक्त वादन) निवडा. समूहवादनात प्रत्येक जण तीच सुरावट थोडी वेगळी वाजवतो आणि आलेख गढूळ होतो. शेवटचा लांब स्वर हा बहुतेक वेळा करार, म्हणजे मुक्कामाचा आधारस्वर. त्याला शून्य सेंट धरा. मग हवा असलेला स्वर जिथे ठेहरला आहे अशा निदान सहा-सात जागा वेगळ्या काढा, चढत्या आणि उतरत्या निराळ्या ठेवा. तार छेडल्याच्या क्षणाचा तुकडा वगळा, कारण तिथे स्वर वर उडालेला असतो. प्रत्येक गटाचा मध्यक घ्या आणि २२.६४ ने भागा. कुठे अचानक १२०० सेंटची उडी दिसली तर ती यंत्राची सप्तकचूक आहे, वादकाची नव्हे. आलेल्या उत्तराला एका कोमाहून बारीक अचूकता चिकटवू नका. ‘६.४३ कोमा’ हे शास्त्रीय दिसतं, पण ठेहरलेला स्वरही तेवढा हलतच असतो.

जुन्या तबकड्यांना एक जास्तीची काळजी लागते. तान्बूरी जेमील बे (१८७३–१९१६) यांची मुद्रणं हा या विषयाचा खजिना, पण त्या काळी तबकडीचा वेग पक्का नव्हता. ७६ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली तर सगळं ४५ सेंटनी, म्हणजे सुमारे दोन कोमांनी चढतं. त्यामुळे अशा मुद्रणावरून पट्टी ठरवू नये. स्वरांतरं मात्र मोजावीत, कारण सगळे स्वर एकाच प्रमाणात चढतात आणि त्यांच्यातलं अंतर सेंटमध्ये तेच राहतं. लांबीवरूनही निष्कर्ष नको. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटं मावत. तीन मिनिटांचा तक्सीम ही तबकडीची मर्यादा आहे, त्यावरून बैठकीतली रीत सांगता येत नाही.

माणसं आणि सनावळ्या

तुर्कस्तानात आडनावांचा कायदा १९३४ चा. त्याआधीचे लोक बिरुदांवर ओळखले जातात आणि बिरुदं जुळतात. हाजी आरिफ बे (१८३१–१८८५) हा शार्कीचा मोठा रचनाकार, आणि कानूनी हाजी आरिफ बे (१८६२–१९११) ही दुसरीच व्यक्ती. नावापुढे वाद्याचं बिरुद आणि मृत्युवर्ष दिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तारखांत हिजरी सन दोन इसवी सनांत पसरतो. इत्रीचा मृत्यू हिजरी ११२३ मधला. ते वर्ष फेब्रुवारी १७११ ते फेब्रुवारी १७१२ असं होतं, म्हणून दोन्ही साल छापलेली दिसतात आणि कोणतंही एक ठामपणे निवडायला महिना हाती हवा. ऑटोमन सरकारी रूमी सन आणखी वेगळा: त्यात साधारण ५८४ मिळवायचे. पण तेव्हा वर्ष मार्चमध्ये सुरू होत असल्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांना ५८५. चरित्रासाठी तुर्की दियानेत प्रतिष्ठानचा इस्लाम विश्वकोश (४४ खंड, वर दोन पुरवण्या) जालावर मोफत आहे. नोंदी लेखकाच्या सहीच्या आहेत आणि प्रत्येकीखाली साधनं दिलेली आहेत. भाषांतरयंत्रातून वाचलात तर मकामांची नावं मूळ लिपीत ताडून पाहा. यंत्र ‘नेवा’, ‘रास्त’ यांचेही अर्थ काढत बसतं.

झाहार्या ग्रीक, तान्बूरी इसाक ज्यू, तात्योस एफेंदी आणि हाम्पार्त्सुम अर्मेनियन. ‘तुर्की संगीतकार’ असा सरसकट उल्लेख करताना हे लक्षात असावं. ऑटोमन दरबारी संगीत म्हटलं की बहुतेक ठिकाणी काम भागतं.

जाणकाराला काय विचारायचं

मकामाचं सेयिर, म्हणजे स्वरांच्या वाटचालीची रीत, पुस्तकात चढतं, उतरतं किंवा दोन्हींचं मिश्रण एवढंच सांगितलेलं असतं. आपल्या ‘चलना’च्या जवळची ही गोष्ट आहे आणि ती वाजवून दाखवल्याशिवाय कळत नाही. म्हणून ‘उश्शाक म्हणजे काय’ असं विचारू नका. ‘उश्शाक आणि बयातीची पहिली दोन वाक्यं वाजवता का’ असं विचारा, परवानगी घेऊन मुद्रित करा आणि नंतर मोजा. या दोन मकामांची स्वरमाला एकच, फरक सगळा वाटचालीत. प्रत्येक जाणकाराकडून त्याचे गुरू कोण हे लिहून घ्या. एकाच गुरूचे तीन शिष्य एकमतात असतील तर ते एकच मत आहे. दुसरं मत वेगळ्या परंपरेतून घ्या, जमल्यास एक संगीतशाळेतला आणि एक मेव्हलेवी या सूफी पंथाच्या वर्तुळातला. वादक आजच्या प्रथेबद्दल विश्वासार्ह असतो. सुलतान तिसऱ्या सेलीमच्या दरबारात काय वाजत होतं, यासाठी त्याच्याकडे गुरूंकडून ऐकलेल्या कथा असतात. त्या छापा, पण कथा म्हणून.

मसुदा झाला की पूर्ण लेख पाठवू नका, कोणी वाचत नाही. ज्या आठ-दहा वाक्यांवर तुमची भिस्त आहे तेवढी क्रमांक घालून पाठवा आणि प्रत्येकापुढे ‘बरोबर / चूक / सांगता येत नाही’ असा रकाना ठेवा.

देवनागरी आणि हक्क

तुर्की लिपीतला सी म्हणजे ज, खाली शेपूट असलेला सी म्हणजे च, शेपटीचा एस म्हणजे श, आणि वर टोपी असलेला जी आधीचा स्वर लांबवून गप्प बसतो. म्हणून जेमील, हिजाझ, पेश्रेव. सेमील, हिकाझ, पेसरेव नव्हे. पी आणि एच लागोपाठ आले तर दोन्ही उच्चारतात: सुपही एझ्गी. लेखात पहिल्यांदा येणारं प्रत्येक नाव एका तक्त्यात ठेवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा.

तुर्की कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतात, भारतात ६०. मुद्रणाचे आणि आधुनिक संपादित स्वरलेखनाचे हक्क निराळे मोजायचे. देदे एफेंदींच्या रचनेला अडचण नाही, पण तिचं गेल्या वर्षी छापलेलं चिकित्सित पान स्कॅन करून टाकता येणार नाही. मुनीर नुरेत्तीन सेल्चुक १९८१ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या रचना तुर्कस्तानात २०५१ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहेत.